केस कीनमचे १९,२१७ यार्ड

ह्यूस्टन,
नोव्हेंबर २०२५

प्रिय बंड्या,

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला. आपल्या पोरींनी विश्वचषक जिंकला त्या रात्री ओरडून ओरडून तुझा आवाज बसला होता, तरी तू हरमनप्रीतवर कमी आणि त्यांच्या कोचवर, अमोल मुझुमदारवरच जास्त बोललास. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, आणि भारताची टोपी एकदाही नाही. शेवटी विचारलंस, "तुमच्या अमेरिकेत आहे का रे असला कोणी? आकडे ढीगभर आणि दारात कुणी उभं करत नाही?"

आहे. आणि माझ्याच ह्यूस्टन विद्यापीठाचा आहे. मी इथे एमएस करत होतो तेव्हाच तो खेळत होता. फोनवर सांगायला घेतलं तर तू दर वाक्याला "थांब थांब, डाउन म्हणजे काय" करशील, म्हणून सरळ लिहायलाच बसलो. चहा घेऊन वाच.

त्याचं नाव केस कीनम. खेळ अमेरिकन फुटबॉल, जागा क्वार्टरबॅकची. कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीत आजवर कुणीही फेकले नाहीत इतके यार्ड याच्या नावावर आहेत: १९,२१७. टचडाउन पास, म्हणजे झेलणारा चेंडू घेऊन समोरच्या गोलरेषेपलीकडे पोहोचला असे पास, १५५. आता तू आयुष्यभर तंबूत बसून स्कोअरबुक भरणारा माणूस, तेव्हा यार्ड कसे मोजतात ते आधी सांगून टाकतो. संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, तिला डाउन म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा चार. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो, समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत येतात, आणि त्याला दोन-अडीच सेकंदांत ठरवायचं असतं की कुणाकडे फेकायचं. झेलणारा चेंडू घेऊन जिथे पडेल तिथपर्यंतचे सगळे यार्ड क्वार्टरबॅकच्या खात्यात. म्हणजे फेक पाच यार्डांची आणि पुढे पोरगा पंचाहत्तर पळाला, तरी याला ऐंशी. तू लगेच भुवया उंचावणार, माहीत आहे. त्या मुद्द्यावर येतोच.

आणि कॉलेजचा खेळ म्हणजे आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा समजू नकोस. टेक्सासात शनिवारी लाख लाख माणूस स्टेडियमात बसतं. त्या काळात खेळाडूंना मात्र स्कॉलरशिपपलीकडे फारसं काही मिळत नसे. प्रशिक्षक लाखो डॉलर घ्यायचे, टीव्हीवाले घ्यायचे आणि पोरं मेसमध्ये जेवायची. २०२१ पासून पोरांना आपल्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं. कीनमच्या वेळी तेही नव्हतं.

तो पश्चिम टेक्सासातल्या अ‍ॅबिलीनचा. वडील कॉलेज फुटबॉलचे प्रशिक्षक, त्यामुळे घरात बोलणं तेच. वायली हायस्कूलला त्याने २००४ मध्ये राज्याचं विजेतेपद मिळवून दिलं. एवढं करूनही वरच्या श्रेणीतल्या एकाच विद्यापीठाने त्याला स्कॉलरशिप देऊ केली, ते म्हणजे ह्यूस्टन. उंची सहा फुटांच्या जराशी वर, हाताला फार मोठा जोर नाही. टेक्सासात असली पोरं पैशाला पासरी. २००६ चं पहिलं वर्ष त्याने नुसतं बघण्यात घालवलं. याला रेडशर्ट म्हणतात: सराव करायचा, सामना खेळायचा नाही, म्हणजे ते वर्ष हिशेबात धरत नाहीत. २००७ मध्ये दुसऱ्या क्वार्टरबॅकबरोबर अर्ध्या वाटणीने खेळला.

मग एक गोष्ट घडली ती ऐक, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ह्यूस्टनचे प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स २००७ च्या शेवटी बेलर विद्यापीठात गेले. ह्यूस्टनला यायचं कबूल केलेला एक शाळकरी क्वार्टरबॅक त्यांच्यामागोमाग तिकडेच गेला. तो रॉबर्ट ग्रिफिन. पुढे २०११ चा हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा वैयक्तिक पुरस्कार, त्याला मिळाला आणि कीनम त्या मतदानात सातवा आला. ग्रिफिन ह्यूस्टनला आला असता तर कीनम कदाचित बाकावरच राहिला असता. आपल्याकडेही कुणाच्या बदलीने कुणाचं नशीब उघडतं ते तू किती पाहिलंस.

ब्राइल्स गेले आणि केव्हिन समलिन आले. त्यांनी आक्रमण सोपवलं डेना होल्गर्सनकडे, आणि क्वार्टरबॅक शिकवायला आला क्लिफ किंग्सबरी, जो स्वतः टेक्सास टेकचा क्वार्टरबॅक होता. हे दोघेही 'एअर रेड' नावाच्या पद्धतीत वाढलेले. हॅल मम्मी आणि माइक लीच या दोघांनी आयोवातल्या एका छोट्या कॉलेजात ती घडवली होती, आणि होल्गर्सन तिथेच मम्मींच्या हाताखाली खेळला होता. पद्धत दिसायला सोपी. चार-पाच झेलणारे मैदानभर पसरवायचे, डावपेच मोजकेच ठेवायचे पण तेच तेच घोटायचे, आणि चेंडू पळवण्यापेक्षा फेकायचाच. समोरचे बचाववाले श्वास घेतात न घेतात तोवर पुढची चाल. अशा पद्धतीत क्वार्टरबॅकला हाताच्या जोरापेक्षा नजर आणि निर्णय लागतो. कीनमकडे नेमकं तेच होतं.

आता तुझ्या वहीत लिहून घे. २००७: २,२५९. २००८: ५,०२०. २००९: ५,६७१. २०१०: ६३६. २०११: ५,६३१. बेरीज करून बघशीलच, म्हणून एकूण आकडा पुन्हा देत नाही. तीन मोसमांत पाच हजारांच्या वर जाणारा तो पहिलाच. २००८ च्या शेवटच्या दिवशी ह्यूस्टनने आर्म्ड फोर्सेस बोल जिंकला (मोसम संपल्यावर निवडक संघांना बोलावून खेळवतात त्या सामन्याला बोल म्हणतात), १९८० नंतरचा विद्यापीठाचा पहिला बोल विजय. २००९ मध्ये देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या ओक्लाहोमा स्टेटला त्यांच्याच घरी हरवलं. दोन आठवड्यांनी टेक्सास टेकला एका गुणाने हरवलं, त्यात शेवटच्या मिनिटात हा स्वतःच चेंडू घेऊन गोलरेषेत घुसला. आणि त्याच मोसमाच्या शेवटच्या सामन्यात एअर फोर्सविरुद्ध याने सहा इंटरसेप्शन दिले, म्हणजे याचे सहा पास विरोधकांनी पकडले. सहा! तेही लिहून ठेव, नाहीतर म्हणशील मित्र भाटगिरी करतोय.

२०१० चं ते ६३६ बघून तू थबकला असशील. ते त्याचं शेवटचं वर्ष ठरलेलं होतं. मोसमातल्या दुसऱ्या सामन्यात त्याचा पास विरोधकाने पकडला. अशा वेळी क्वार्टरबॅकने बाजूला व्हावं हे शाळेत शिकवतात, त्याची हाडं महाग असतात. हा चेंडूवाल्याला पाडायला धावला आणि डोक्याला मार खाऊन आला. पुढच्याच आठवड्यात कॅलिफोर्नियात, रोझ बोल स्टेडियमवर यूसीएलएविरुद्ध पुन्हा पास पकडला गेला. हा पुन्हा धावला. चेंडूवाला निसटला आणि याच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. वर त्याच सामन्यात त्याच्या जागी उतरलेल्या पोराचंही गळपट्टीचं हाड मोडलं. एका संध्याकाळी दोन क्वार्टरबॅक गेले, आणि मोसम पाच विजय, सात पराभवांवर संपला. मी तेव्हा नुकताच आलो होतो. वर्गात शेजारी बसणाऱ्या टेक्सन पोराचं तोंड आठवडाभर सुतकी होतं, आणि मला वाटत होतं, एका गुडघ्यासाठी एवढं?

नियम असा की पाच वर्षांत चार मोसम खेळता येतात. त्याची पाच वर्षं संपलेली. विद्यापीठाने अर्ज केला आणि जानेवारी २०११ मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेने, सहाव्या वर्षाची परवानगी दिली. दुखापतीमुळे अशी सूट मिळते, पण हमखास नाही.

२०११ चा मोसम मी विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून बघितला. आमचं रॉबर्टसन स्टेडियम म्हणजे १९४२ चं जुनं काँक्रीटचं धूड, ३२ हजारांचं, टेक्सासच्या मानाने गल्लीतलं. २७ ऑक्टोबरला राइस विद्यापीठाशी सामना होता. राइस याच शहरातलं, श्रीमंत आणि हुशार पोरांचं, त्यामुळे खुन्नस ठरलेली. त्या रात्री कीनमने नऊ टचडाउन पास फेकले, ५३४ यार्ड, ७३-३४. टेक्सास टेकचा जुना क्वार्टरबॅक ग्रॅहम हॅरेल, त्याचा कारकिर्दीतल्या टचडाउन पासचा विक्रम तिथेच मोडला. नवांपैकी पाच पॅट्रिक एडवर्ड्सने झेलले.

मी गोलरेषेच्या मागच्या बाजूला होतो, म्हणून एक गोष्ट नीट दिसली. एडवर्ड्स सरळ पळत असायचा, पाठ कीनमकडे, आणि चेंडू हातातून सुटलेला असायचा. मग एडवर्ड्स वळायचा आणि चेंडू त्याच्या छातीशी यायचा. हा माणूस झेलणाऱ्याकडे फेकतच नव्हता, तो जिथे असणार होता तिथे फेकत होता. टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे जातो, म्हणून हे कळत नाही. त्या रात्रीपासून मी टीव्हीवर सामना बघताना उगाच चिडचिड करतो, बायकोला विचार.

एडवर्ड्सबद्दलही सांगायला हवं. हा स्कॉलरशिपशिवाय आलेला पोरगा. २००८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात मार्शल विद्यापीठाच्या मैदानावर पास झेलायला गोलरेषेपलीकडे धावत गेला आणि तिथे उभ्या केलेल्या बँडच्या सामानाच्या गाड्यावर आदळला. पायाचं हाड बाहेर आलं. तीन वर्षांनी तोच पाय घेऊन एका रात्रीत ३१८ यार्ड. तेव्हा झेलणाऱ्याच्या पळण्याचे यार्ड फेकणाऱ्याला का, हा तुझा आक्षेप मला मान्य आहे. कीनमच्या १९,२१७ मध्ये एडवर्ड्सचे पाय आहेतच.

५ नोव्हेंबरला अलाबामात, बर्मिंगहॅमला, हवाईचा जुना क्वार्टरबॅक टिमी चँग, त्याचा १७,०७२ यार्डांचा विक्रमही गेला. संघ बारा सामने जिंकून अपराजित. तेराव्यात, घरच्या मैदानावर, परिषदेच्या, म्हणजे आमच्या गटातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात सदर्न मिसिसिपी विद्यापीठाने, म्हणजे सदर्न मिसने, ४९-२८ असं धुतलं. जिंकलो असतो तर मोठ्या बोलांपैकी एकात गेलो असतो. त्याच आठवड्यात समलिन टेक्सास ए अँड एमला जाणार ही कुजबुज गावभर होती आणि नंतर गेलेच. त्या पराभवाचं खापर कुजबुजीवर फोडणारे अजून भेटतात. माझं मत विचारशील तर सदर्न मिस त्या दिवशी सरळ सरळ चांगले खेळले.

शेवटचा सामना २ जानेवारी २०१२ ला डॅलसमध्ये, पेन स्टेटविरुद्ध. पेन स्टेट म्हणजे बचावासाठी नावाजलेलं जुनं घराणं. कीनमने पहिल्या सत्रातच २२७ यार्ड काढले, एकूण ५३२, आणि ३०-१४ ने जिंकले. ज्यांचं म्हणणं होतं की याने लिंबूटिंबूंविरुद्ध धावा केल्या, त्यांना एवढा एक सामना दाखवावा.

एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांची निवड झाली, ड्राफ्ट. सात फेऱ्या, २५३ खेळाडू, त्यांत अकरा क्वार्टरबॅक. पहिला अँड्र्यू लक, दुसरा आपला ग्रिफिन. क्लीव्हलँडने तर पहिल्या फेरीत अठ्ठावीस वर्षांचा ब्रँडन वीडन घेतला. अगदी शेवटचा, २५३ वा खेळाडूही क्वार्टरबॅकच होता. कीनमचं नाव एकदाही पुकारलं गेलं नाही.

का? इथे मला निवड करणाऱ्यांची बाजू घ्यावीशी वाटते, आणि तुला ते आवडणार नाही. ह्यूस्टनच्या क्वार्टरबॅकांनी त्यांना आधी दोनदा पोळलं होतं. १९८९ चा हाइझमन विजेता आंद्रे वेअर पुढच्या वर्षी सातव्या क्रमांकाने घेतला, फुकट गेला. त्याच्यानंतरचा डेव्हिड क्लिंगलर: १९९० मध्ये एका सामन्यात अकरा टचडाउन पास, टोकियोला झालेल्या दुसऱ्यात ७१६ यार्ड. तो १९९२ ला सहाव्या क्रमांकाने गेला, तोही फुकट. टिमी चँग विक्रम घेऊन आला, त्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. हॅरेललाही नाही. म्हणजे ज्यांचे विक्रम कीनमने मोडले ते दोघेही याच रांगेत उभे होते. फेकण्याचीच पद्धत असली की आकडे फुगतात, हे निवड करणाऱ्यांनी पैसे मोजून शिकून घेतलं होतं. खेळपट्टी पाटा असली की तूही द्विशतकाकडे नाक मुरडतोस ना?

चूक त्यांची एवढीच झाली की फुगलेले आकडे बाजूला काढल्यावर खाली काय उरतं ते त्यांनी बघितलंच नाही.

ह्यूस्टन टेक्सन्सने त्याला ड्राफ्टनंतर स्वस्तात घेतलं आणि सरावापुरतं ठेवलं. २०१३ मध्ये पहिला क्वार्टरबॅक जायबंदी झाला म्हणून संधी मिळाली. पहिला सामना कॅन्सस सिटीला, एका गुणाने हरला. मग इंडियानापोलिसविरुद्ध मध्यंतराला २१-३ ने पुढे, आणि मध्यंतरातच प्रशिक्षक गॅरी क्युबियाक मैदानावर कोसळले, त्यांना रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. तो सामनाही २७-२४ ने गेला. कीनम आठ सामन्यांत पहिल्यापासून खेळला आणि आठही हरला. संघ मोसमात दोन जिंकला, चौदा हरला. नंतर काढून टाकला, सेंट लुइसने घेतला, डिसेंबर २०१४ मध्ये ह्यूस्टनचे क्वार्टरबॅक एकामागून एक पडल्यावर पुन्हा बोलावला. आला आणि दोन्ही सामने जिंकला. पुन्हा सेंट लुइस. संघ लॉस एंजेलिसला हलला तसा हाही हलला, तिथे ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा नवा पोरगा तयार होईपर्यंत जागा धरून बसला.

२०१७ ला मिनेसोटाने वीस लाख डॉलरला एका वर्षासाठी घेतला. अमेरिकन क्वार्टरबॅकांच्या बाजारात ही चिल्लर. पहिल्या सामन्यानंतर सॅम ब्रॅडफर्डचा गुडघा गेला. कीनम चौदा सामन्यांत पहिल्यापासून खेळला, अकरा जिंकले. तोच माणूस, एकदा शून्य-आठ आणि एकदा अकरा-तीन. सांग बघू, तुझ्या स्कोअरबुकात याला कुठल्या रकान्यात घालशील?

१४ जानेवारी २०१८, मिनियापोलिस, न्यू ऑर्लिन्सविरुद्ध बाद फेरीचा सामना. मध्यंतराला १७-० ने पुढे असलेले शेवटी २४-२३ ने मागे. दहा सेकंद उरलेले, चेंडू स्वतःच्याच ३९ यार्डांवर. कीनमने उजव्या कडेला उंच फेकला. स्टेफॉन डिग्जने उडी मारून पकडला. त्याला पाडायला आलेला बचाववाला डोकं खाली घालून आला आणि त्याच्या खालून निघून गेला. डिग्ज हात टेकून सावरला, मागे वळून बघितलं तर कुणीच नाही, आणि चालू पडला. एकसष्ट यार्ड. बाद फेरीत ठरलेल्या वेळेच्या शेवटच्या क्षणी टचडाउनने सामना जिंकल्याचं हे पहिलंच उदाहरण. इकडे याला मिनियापोलिसचा चमत्कार म्हणतात. डाउन-बिउन सगळं विसर, यूट्यूबवर तेवढे दहा सेकंद बघ. कीनम हेल्मेट काढून नुसता धावत सुटतो, कुणाला मिठी मारावी तेच त्याला कळत नाही.

पुढच्या आठवड्यात फिलाडेल्फियाने ३८-७ ने उडवले. मिनेसोटाने त्याला सोडून कर्क कझिन्सला तीन वर्षांचे आठ कोटी चाळीस लाख डॉलर दिले. गंमत बघ, कझिन्स आणि फिलाडेल्फियाचा निक फोल्स, दोघेही त्याच २०१२ च्या अकरांतले. कीनमला डेन्व्हरने तीन कोटी साठ लाखांचा दोन वर्षांचा करार दिला आणि एका वर्षात कंटाळले. मग वॉशिंग्टन, क्लीव्हलँड, बफेलो, पुन्हा ह्यूस्टन. २०२३ च्या डिसेंबरात आमचा तरुण क्वार्टरबॅक डोक्याला लागून बाहेर बसला तेव्हा हा उतरला आणि टेनेसीला जादा वेळेत हरवून आला, पस्तिशीत. यंदा शिकागोने घेतलाय, नव्या पोराच्या मागे उभा राहायला.

तेव्हा मुझुमदारशी त्याची तंतोतंत जोडी जुळत नाही. मुझुमदारला दारच उघडलं नाही. याला उघडलं, पण दर वेळी कुणाचं तरी हाड मोडल्यावर. मला विचारशील तर यातलं कुठलं जास्त छळतं ते मी सांगू शकत नाही, पण कीनमबद्दल हळहळ मात्र वाटत नाही. चौदा मोसम या धंद्यात टिकलाय तो. त्याच्या आधी निवडलेल्या अकरांपैकी बहुतेकजण केव्हाच घरी गेले. लक आणि ग्रिफिनसुद्धा.

आणि तो विक्रम अजून त्याचाच आहे. गेल्या वर्षी ओरेगॉनचा डिलन गॅब्रिएल १८,७२२ वर थांबला. त्यालाही सहा मोसम मिळाले होते, कोविडच्या वर्षाची सगळ्यांना सूट होती म्हणून. टचडाउन पासमध्ये मात्र त्याने १५५ ची बरोबरी केली. हल्ली पोरं पैशासाठी दरवर्षी विद्यापीठ बदलतात आणि चांगली असली की लवकर व्यावसायिक होतात, त्यामुळे १९,२१७ इतक्यात जाईल असं मला वाटत नाही. एकाच गावात सहा वर्षं कोण थांबतोय आता.

तू सप्टेंबरात येतो म्हणतोयस ते नक्की कर. रॉबर्टसन पाडलं, त्याच जागी नवीन स्टेडियम उभं आहे, तिकडे नेतो. टोपी आण, ऊन मे महिन्यातल्या सांगलीइतकंच असतं. एक खूण आत्ताच शिकून ठेव: पंजा वर करून अनामिका दुमडायची. १९५३ मध्ये प्रवासात आमच्या विद्यापीठाच्या पाळीव प्यूमाच्या पायाचं बोट पिंजऱ्याच्या दारात सापडून तुटलं, तर टेक्सास विद्यापीठवाल्यांनी बोट दुमडून चिडवलं. आमच्यांनी ते चिडवणंच आपली खूण करून टाकलं. तुझी अनामिका त्या लेदर बॉलने वाकडी झालेलीच आहे, फार त्रास पडायचा नाही.

वहिनींना नमस्कार सांग. काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं का ते कळव, आणि डॉक्टर कोण ते पण.

तुझा,
शऱ्या